पिवळा दगड सापडला? सोन्याच्या नादात या चुका टाळा

उन्हाळ्यात विहिरीचं काम सुरू झालं की खानदेशात कुठे ना कुठे एखादा दगड वर येतो आणि उन्हात पिवळा चमकतो. मग तो फडक्यात गुंडाळून जळगावच्या सराफ बाजारात जातो. त्यात भर म्हणजे मोबाइलवरचे ऑस्ट्रेलियाचे व्हिडिओ. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात 1980 मध्ये मेटल डिटेक्टरने सुमारे 27 किलोचा एकच गोळा सापडला, ही गोष्ट खरी आहे. पण व्हिक्टोरियाची जमीन वेगळी आणि आपली वेगळी. पैसा, वेळ आणि कधी कधी तब्येतही घालवणाऱ्या चुका बहुतेक याच मुद्द्यापासून सुरू होतात.

पहिली चूक: पायाखालचा खडक न ओळखता शोध घेणं

सोनं बहुतेक वेळा खोलवरून आलेल्या गरम पाण्याबरोबर खडकांच्या भेगांत शिरतं आणि गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमध्ये साचतं. कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टी या सोन्याच्या खाणींचे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. खानदेशचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर साचून झालेला. तापीकाठी त्याच्यावर गाळ आहे, काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा. या बेसाल्टमध्ये खणून काढण्याजोगं सोनं नाही. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा सर्वेक्षणात मिळाल्या त्या भंडारा-नागपूरकडच्या जुन्या खडकांत.

शेतात सापडणारी गारगोटी पाहून अनेकांची फसगत होते. सोनं गारेत असतं, ही गार आहे, म्हणजे सोनं असणार, असा हिशेब मांडला जातो. पण आपल्याकडची गारगोटी लाव्ह्यातल्या पोकळ्यांत तयार झालेली असते, सोन्याच्या शिरांशी तिचं नातं नाही. याच पोकळ्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइटसारखे स्फटिकही वाढतात. सावद्याकडच्या खदानींतले असे नमुने जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. म्हणून खदानीत सुंदर स्फटिकांची कपार दिसली तर सोन्याच्या आशेने तिच्यावर घण घालू नका.

काळी वाळू ही दुसरी फसवी खूण. ‘काळी वाळू तिथे सोनं’ हे व्हिडिओतलं वाक्य जुन्या खडकांच्या प्रदेशात थोडंफार खरं ठरतं. इथे मात्र बेसाल्ट झिजला की त्यातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज सुटं होतं, त्यामुळे गिरणा, पांझरा, वाघूर, कुठल्याही नदीच्या वाळूत चुंबक फिरवा, काळे कण चिकटतातच. त्यावरून सोन्याबद्दल काहीही कळत नाही. डिटेक्टरचंही तेच. लोहयुक्त दगडांवर आणि काळ्या मातीत तो सतत ओरडतो. जमिनीनुसार त्याचं संतुलन केलं नाही तर दिवसभर नुसते दगड उकरत बसाल.

दुसरी चूक: चकाकीवर विश्वास

दगड आधी सावलीत धरा. सोनं उन्हात आणि सावलीत सारखंच पिवळं दिसतं. अभ्रक आणि पायराइट (लोह आणि गंधकाचं पिवळं खनिज) कोन बदलला की विझतात. मग दहापट भिंग आणि शिवणाची सुई घ्या. सुई टोचली की सोन्यावर खळगा पडतो, अभ्रकाचा पापुद्रा सुटतो आणि पायराइटवर सुई घसरते. सोन्याची कठीणता अडीच ते तीन, पायराइटची सहा ते साडेसहा, म्हणून हा फरक पडतो. फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासलं तर सोन्याची रेघ पिवळी उमटते आणि पायराइटची हिरवट काळी. कण हातोडीने ठोकून बघणं हा शेवटचा उपाय. सोनं चपटं होतं, पायराइटचा भुगा होऊन गंधकाचा वास येतो. पण दगड संग्रहाजोगा वाटत असेल तर हातोडी लांबच ठेवा.

घमेल्यात सोनं कुठे हरवतं

वाळू धुऊन सोनं काढणं ही जुनी विद्या आहे. मध्य प्रांतात सोनझरा जातीचे लोक हेच काम करत आणि झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी आजही वाळू धुतात. आपल्याकडे हे कसब टिकलं ते झारेकऱ्यांच्या हातात. सराफांच्या दुकानातली धूळ, राख आणि गटारातला गाळ धुऊन ते सोन्याचे कण वेगळे करतात. त्यांच्या हाताची लय एकदा नीट पाहा. शिकाऊ माणूस पाणी जोरात उडवतो, झारेकरी घमेलं आधी हलवतो आणि पाणी नंतर सोडतो.

नेमकी चूक इथेच होते. घमेलं पाण्याखाली धरून आधी 20-30 वेळा आडवं झटकायचं असतं, म्हणजे जड कण तळाला बसतात. हे न करता लगेच तिरकं केलं तर सोनं वरच्या थरातच राहून वाहून जातं. त्याआधी 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळ चाळून घ्या, कारण खडे असतील तर बारीक कणांना खाली जायला वाटच मिळत नाही. चिकणमातीचे गोळे हाताने पूर्ण मोडा. मातीच्या गोळ्यात अडकलेलं सोनं गोळ्याबरोबरच निघून जातं. घमेलं दोन तृतीयांशाहून जास्त भरू नका. दर तीन-चार धुण्यांनंतर पुन्हा सपाट धरून झटका. शेवटी दोन चमचे काळा गाळ उरला की घाई करू नका. तो वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवून मॅग्नेटाइट काढा. लोखंडी घमेल्यात चुंबक चालत नाही, म्हणून प्लास्टिकचं घ्या.

बारीक सोनं तरंगताना दिसलं तर कारण तेल असतं. हाताचं, क्रीमचं किंवा घमेल्याला आधीपासून लागलेलं. तेलकट कणावर पाणी चढत नाही आणि सोन्यासारखा जड धातूही पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतो. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात टाकले की कण बुडतो.

हात बसलाय का ते नदीवर न जाता घरी तपासता येतं. एअरगनचे दहा शिशाचे छर्रे हातोडीने चपटे करा, वाळूत मिसळा आणि धुवा. आठहून कमी परत आले तर झटकणं कमी पडतंय. शिशाची घनता 11.3, सोन्याची त्याहून बरीच जास्त. शिसं थांबलं तर त्याच आकाराचं सोनंही थांबेल. सरावानंतर हात साबणाने धुवा, शिसं विषारी आहे.

पारा: ही चूक एकदाही नको

पारा सोन्याला धरून ठेवतो आणि तापवला की उडतो, एवढंच ऐकून काही जण तो घरात आणतात. पारा 357 अंशांना उकळतो, पण साध्या खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ होत असते. या वाफेला रंग नाही, वास नाही. गॅसच्या शेगडीवर गोळा तापवला की ती भिंतीत, कपड्यांत, धान्यात बसते आणि मेंदू, मज्जासंस्था व मूत्रपिंडांवर परिणाम करते. गरोदर बाई आणि लहान मूल घरात असेल तर धोका कित्येक पट. नीट धुतलेल्या घमेल्याला पाऱ्याची गरजच नसते. नायट्रिक ॲसिडचंही तसंच. त्यातून निघणारा तांबूस-तपकिरी धूर फुप्फुसांवर काही तासांनी परिणाम दाखवतो, तेव्हा ॲसिडची परीक्षा सराफाच्या चिमणीखालीच होऊ द्या.

वजनाचा हिशेब चुकतो तो असा

सुटा खडा सोन्याचा आहे का आणि गारेच्या दगडात सोनं किती, हे दगड न फोडता कळू शकतं. लागतो तो 0.01 ग्रॅम दाखवणारा सराफी काटा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. दगड बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असा धरा. तळाला किंवा काचेला तो टेकता कामा नये. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढं त्याचं घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. 20 ग्रॅमच्या खड्याने 1.15 दाखवलं तर घनता 17.4, म्हणजे चांदीमिश्रित नैसर्गिक सोन्याला शोभेल अशी. 2.3-2.4 दाखवलं तर ते पितळ.

गारेच्या नमुन्यासाठी गारेची घनता 2.65 धरा. समजा नमुना 50 ग्रॅमचा आहे आणि घनफळ 12. मग 12 गुणिले 2.65 म्हणजे 31.8. ते 50 मधून वजा केलं की 18.2. त्याला 1.16 ने (सोनं आणि गार यांच्या घनतांवरून येणारा आकडा) गुणलं की साधारण 21 ग्रॅम सोनं. हिशेब बिघडतो तो तीन कारणांनी: दगड तळाला टेकला, फटींत हवेचे बुडबुडे राहिले किंवा गारेत पायराइट, लोहखनिज असं दुसरं जड काही निघालं. बुडबुड्यांवर उपाय म्हणजे दगड रात्रभर भिजवून मग मोजणं. पायराइट दिसत असेल तर मात्र या आकड्यावर व्यवहार करू नका.

नमुना विकत घेताना आणि मोडताना

ऑनलाइन विकले जाणारे ‘नैसर्गिक सोनं’ असलेले दगड भिंगाखाली बघा. खरं सोनं गारेच्या भेगेत आत शिरलेलं असतं. बनावट नमुन्यात ते वरच चिकटलेलं दिसतं, कडेला गोंदाचा बुडबुडा असतो आणि कणांवर कानशीच्या रेघा असतात. नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस काही वेळ लावून ठेवला की बरेचसे गोंद सुटतात. खऱ्या, स्फटिकदार नमुन्याला त्यातल्या सोन्याच्या भावाहून जास्त किंमत येऊ शकते, म्हणून तो आटवायला देण्याआधी संग्राहकाला दाखवा.

टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. ती मोजणाऱ्या टंच मशीनवरही डोळे झाकून विसंबू नका. हे मशीन फक्त पृष्ठभाग वाचतं. नदीत राहिलेल्या कणाच्या वरच्या थरातली चांदी निघून गेलेली असते, त्यामुळे आकडा आतल्या सोन्यापेक्षा चांगला येतो. खरा टंच कळतो तो आटवल्यावर.

कायद्याचं थोडक्यात. सोन्याचा शोध आणि उत्खनन 1957 च्या खाण कायद्याखाली परवान्याशिवाय करता येत नाही, मग शेत स्वतःचं असलं तरी. सातपुड्यात, यावल अभयारण्यात वनखात्याचे नियम वेगळे लागतात. जमिनीत पुरलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असला तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. गुप्तधन काढून देतो म्हणत पूजेचं साहित्य मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अशा अघोरी प्रकारांवर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो.

कागदपत्रं असलेला खडा आटवायचाच असेल तर समोर उभं राहून आटवून घ्या. मुशीत टाकण्याआधीचं वजन, लगडीचं वजन आणि लगडीचा टंच, तिन्ही आकडे कागदावर घ्या. 20 ग्रॅमचा खडा टाकणखाराबरोबर आटून 18.60 भरला आणि टंच 88 टक्के निघाला, तर चोख सोनं 16.37 ग्रॅम. भाव मागायचा तो या 16.37 चा.