रँक वर सरकत नाही? मॅचमेकिंगबद्दलच्या या चुका टाळा

जिंकलात की १६ पॉइंट मिळतात, हरलात की २४ जातात. चार मॅच अशा गेल्या की ठरलेली ओरड सुरू होते: सिस्टिम मुद्दाम अडकवतेय, टीममेट कचरा येतात, अकाउंटच खराब झालंय. बहुतेक वेळा घोळ इतकाच असतो की आपण रँकला बक्षीस समजतो. मॅचमेकिंगच्या, म्हणजे ऑनलाइन गेममध्ये कोणासमोर कोण खेळणार हे ठरवणाऱ्या सिस्टिमच्या, लेखी तो निव्वळ अंदाज आहे: हा खेळाडू अमुक लोकांसमोर जिंकण्याची शक्यता किती? पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका हे विसरल्यामुळेच होतात.

दिसणारा रँक आणि आतलं रेटिंग एकच धरणं

सगळ्यात जास्त डोकेदुखी हीच चूक करते, म्हणून जरा खोलात जाऊ.

खेळाडूला आकड्यात मोजण्याची, म्हणजे रेटिंगची, ही पद्धत आली बुद्धिबळातून. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांची रेटिंग पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिचा हिशोब सोपा आहे. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर जिंकण्याची अपेक्षा निम्मी-निम्मी. एकाचं २०० गुणांनी जास्त असेल तर त्याची अपेक्षा साधारण ७६ टक्के. आता डावावर ३२ गुण पणाला लावले, तर वरच्याला जिंकून मिळतात फक्त ८ च्या आसपास. हरला तर जातात २४. म्हणजे जे व्हायचंच होतं ते झालं तर अंदाज जेमतेम हलतो, उलटं झालं तर जोरात हलतो.

टीम गेममध्ये यावर आणखी एक थर चढतो. लीग ऑफ लेजेंड्समध्ये तुम्हाला गोल्ड, प्लॅटिनम असे टिअर, म्हणजे पायऱ्या, आणि एलपी (लीग पॉइंट) दिसतात, व्हॅलोरंटमध्ये आरआर (रँक रेटिंग) दिसतो. मॅच मात्र जुळते ती आतल्या, लपवलेल्या एमएमआरवर, म्हणजे मॅचमेकिंग रेटिंगवर. दिसणारा रँक त्या एमएमआरच्या पुढे पळाला की जिंकल्यावर कमी आणि हरल्यावर जास्त, असा हिशोब लागतो आणि रँक मागे ओढला जातो. रँक मागे राहिला असेल तर बरोबर उलटं होतं. नवीन सीझन सुरू झाल्यावर पॉइंट धो धो मिळतात आणि थोड्याच दिवसांत ओघ आटतो, तो यामुळेच. रीसेटने रँक खाली ढकललेला असतो, आतलं रेटिंग बरंचसं जागेवरच असतं.

तेव्हा प्रत्येक मॅचनंतरच्या आकड्यावर चिडू नका, त्याचा कल वाचा. जिंकल्यावरचे आणि हरल्यावरचे पॉइंट सारखे होत आले असतील तर सिस्टिमच्या मते तुम्ही सध्या आहात तिथेच बसता. जिंकल्यावरचे सतत कमी असतील तर आतलं रेटिंग खाली आहे, आणि ते वर नेण्याचा मार्ग एकच: निम्म्याहून जास्त मॅच जिंकत राहणं. सेटिंगमध्ये शोधून काही सापडणार नाही.

दहा मॅचवरून निकाल लावणं

नाणं शंभर वेळा उडवा. सलग पाच वेळा छापा पडेल असा टप्पा कुठेतरी येण्याची शक्यता जवळपास ८१ टक्के आहे. तुमचा विन रेट अगदी ५० टक्के असेल तर शंभर मॅचमध्ये सलग पाच हार येणं हे कटकारस्थान नाही, ती न येणंच नवलाचं. आणि ५५ टक्के विन रेटवाला, प्रत्येक मॅचला २० पॉइंट धरले तर, शंभर मॅचमध्ये २०० पॉइंट वर जातो. म्हणजे मॅचमागे सरासरी दोन. चांगला खेळाडूसुद्धा इतक्याच संथपणे चढतो, मग संध्याकाळच्या चार मॅचमध्ये काय दिसणार!

विन रेट ५० च्या आसपास घुटमळतोय म्हणजे सिस्टिम हरवतेय, हाही गैरसमज याच घरचा. तुल्यबळ लोक समोर आले की दुसरं काय होणार? आता, संशय अगदी हवेतला नाही हेही सांगायला हवं. खेळाडू गेम सोडून जाऊ नये अशा बेताने मॅच जुळवण्यावर २०१७ चा एक शोधनिबंध आहे, त्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीचे संशोधक होते. त्याच वर्षी ॲक्टिव्हिजन या दुसऱ्या गेम कंपनीला गेममधली खरेदी वाढवणाऱ्या मॅचमेकिंगचं पेटंट मिळालं. पण पेटंट असणं म्हणजे ते तुमच्या रँक्ड क्यूमध्ये, म्हणजे मॅचसाठीच्या रांगेत, चालू असणं नव्हे. आणि समजा असलंच, तरी पुढची मॅच तुम्हालाच खेळायची आहे.

सगळं खापर टीममेटवर फोडणं

टीममेट खरंच वाईट येतात, त्यात वाद नाही. पण पाच विरुद्ध पाचमध्ये तुमच्या बाजूला अनोळखी जागा चार, समोर पाच. तुम्ही स्वतः मॅच सोडून पळणारे, माइकवर भांडणारे नसाल तर असा माणूस समोरच्या टीममध्ये येण्याची शक्यता थोडी जास्तच. शंभर मॅचमध्ये सगळ्यांत समान असलेला खेळाडू एकच, तुम्ही. रिप्ले बघताना टीममेटचा कॅमेरा लावू नका, स्वतःच्या प्रत्येक मृत्यूआधीची पंधरा सेकंदं बघा.

नवं अकाउंट उघडणं

‘नव्या अकाउंटवर लगेच वर गेलो, म्हणजे जुनं अडकलंय,’ हे तर हमखास ऐकू येतं. त्यामागचं कारण वेगळं आहे. संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांच्या १९९५ च्या ग्लिको पद्धतीत रेटिंगसोबत अनिश्चितताही मोजली जाते. मायक्रोसॉफ्टच्या ट्रूस्किल या रेटिंग पद्धतीतही तेच. डोटा २ या गेमने २०२३ मध्ये ग्लिकोचीच वाट धरली आणि आता रँक किती खात्रीचा आहे तेही दाखवतो. नव्या अकाउंटबद्दल सिस्टिमला काहीच माहीत नसतं, म्हणून सुरुवातीला आकडा उड्या मारतो, वरही आणि खालीही. मॅच वाढतात तसा तो स्थिरावतो आणि बहुतेक जण जुन्या जागेच्या आसपासच येऊन थांबतात. मधल्या काळात नवशिक्यांच्या लॉबी, म्हणजे एका मॅचला जमलेले खेळाडू, खराब होतात ते निराळंच. विकत घेतलेल्या किंवा बूस्ट करून (दुसऱ्याकडून रँक चढवून) घेतलेल्या अकाउंटचं तर विचारूच नका: बॅनची टांगती तलवार आहेच, शिवाय रोज आपल्यापेक्षा वरच्यांकडून मार खायचा.

स्कोअरबोर्डसाठी खेळणं

बहुतेक गेममध्ये रँक ठरतो जिंकण्या-हरण्यावर. व्हॅलोरंटसारख्या काही ठिकाणी वैयक्तिक कामगिरीला थोडं वजन आहे, तेही वरच्या रँकवर कमी होत जातं. तेव्हा केडीए (किल, डेथ, असिस्टचा हिशोब) जपायला राउंडच्या शेवटी कोपऱ्यात लपून बसलात तर टीम राउंड घालवते, आणि पॉइंट सगळ्यांसोबत तुमचेही जातात.

ग्रुप आणि वेळ न बघता क्यू लावणं

रँकमध्ये फार अंतर असलेल्या मित्रासोबत खेळलात की समोरची टीम तुमच्यातल्या वरच्या खेळाडूकडे झुकलेली येऊ शकते, आणि खालचा मित्र भरडला जातो. त्याच्यासोबत अनरँक्ड खेळा. व्हॅलोरंटच्या कॉम्पिटिटिव्हमध्ये चौघांचा ग्रुप चालतच नाही, कारण पाचवा अनोळखी खेळाडू त्या चौघांच्या तावडीत सापडतो. पाचवा शोधा, नाहीतर तिघं खेळा.

क्यू लांबली की सिस्टिम रेटिंगची मर्यादा हळूहळू सैल करते. पहाटे तीनला विचित्र लॉबी मिळतात त्या यामुळे. गर्दीच्या वेळी खेळून बघा. मॅच एकतर्फी वाटत असेल तर आधी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि निवडलेला सर्व्हर तपासा, दूरचा सर्व्हर चुकून चालू राहिलेला असतो. नेट तुटलंच तर चिडून गेम बंद करू नका. रीकनेक्टचं बटण दाबा. बऱ्याच गेममध्ये परत आलेल्याला मॅच सोडल्याचा दंड बसत नाही, न आलेल्याला मात्र पॉइंट कापून वर क्यूबंदीही मिळते.