इराणी गालिचा पारखताना आणि सांभाळताना या चुका टाळा

हाताने गाठी मारून विणलेला इराणी गालिचा समोर पसरला की बहुतेकांचे लक्ष नक्षीवर खिळते आणि पहिली चूक तिथेच होते. गालिचा पाहावा तो पाठीकडून. कोपरा उलटवला की पुढची नक्षी मागेही ठिपक्याठिपक्यांनी उमटलेली दिसली पाहिजे, कारण प्रत्येक गाठ म्हणजे ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या, दोन धाग्यांभोवती बांधलेला लोकरीचा स्वतंत्र तुकडा असतो आणि गाठींची एक ओळ पूर्ण झाली की बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून ती जड फणीने ठोकून बसवलेली असते. पाठीला कापड चिकटवलेले असेल, तर बहुधा आत गाठी नसून डिंकाने धरलेली लोकर असते. विक्रेता त्याला ‘हातकाम’ म्हणतो ते अगदीच खोटे नसते. पण काही वर्षांनी तो डिंक सुकतो आणि त्याची पूड फरशीवर सांडू लागते.

दशा झिजल्या म्हणून कात्रीने साफ कापून टाकणे ही दुसरी चूक. दशा ही शोभेची झालर नव्हे, ती ताण्याचीच टोके असतात. त्यांच्या आधाराने बसलेला शेवटचा बाणा सुटला की काठाच्या गाठी एकेक करून निसटतात.

सर्वांत महाग पडते ती गाठींच्या आकड्यावर भुलण्याची चूक. इराणमधल्या तबरिझ शहरात वीण ‘राज’मध्ये मोजतात, म्हणजे सुमारे 7 सेंटिमीटर रुंदीत किती गाठी आहेत ते पाहतात. 50 राज म्हणजे, उभ्या दिशेनेही तितकीच दाट वीण धरली तर, चौरस सेंटिमीटरला सुमारे 51 गाठी. आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला, 1539-40 मधला प्रसिद्ध अर्दबिल गालिचा घ्या. त्यात चौरस सेंटिमीटरला साधारण 53 गाठी आहेत, म्हणजे आजच्या दुकानात त्याहून दाट विणीचे गालिचे सहज मिळतील. उलट इराणच्या फार्स प्रांतातल्या कश्काई या भटक्या जमातीच्या गब्बे गालिच्यांत गाठी थोड्या आणि लव, म्हणजे गाठींची वर आलेली लोकरी टोके, जाड असते. त्यांचे मोल लोकरीत आणि रंगात आहे. आकड्यापेक्षा गाठ कशी बांधली आहे हे महत्त्वाचे. ईशान्य इराणमधल्या खोरासानकडील ‘जुफ्ती’ गाठ दोनाऐवजी चार धाग्यांवर बसते. त्यामुळे कारागिराचा वेळ वाचतो, पण लव विरळ पडते आणि गालिचा लवकर झिजतो. लव बोटांनी दुभंगून तळाशी एका गाठीखाली ताण्याचे किती धागे आहेत ते पाहावे.

रंगातला फरक हा दोषच, असे धरून गालिचा परत करणारे ग्राहकही असतात. मंजिष्ठेचा लाल किंवा निळीचा निळा रंग थोड्याथोड्या लोकरीला देतात, म्हणून एक घाणा संपून दुसरा सुरू झाला की छटा बदलते. याला ‘अबरश’ म्हणतात. वीण खालून वर चढत जाते, त्यामुळे अबरशचा पट्टा नेहमी आडवा, बाण्याच्या दिशेने पडतो. फिकट डाग वेडावाकडा किंवा उभा पसरला असेल, तर ते ऊन किंवा धुलाईचे काम समजावे. लाल रंग पांढऱ्यात उतरला असेल, तर तो मात्र खरा दोष. पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर दाबला की रंग पक्का आहे की नाही ते कळते. एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने गडद दिसणे ही लवेच्या एका दिशेला असलेल्या कलाची करामत आहे, तीबद्दल तक्रार नको.

सांभाळताना घडी घालू नये, गुंडाळी करावी. इराणमधल्या बिजार गावच्या गालिच्यांत बाणा इतका घट्ट ठोकलेला असतो की घडीवर ताण्याचे धागे तुटू शकतात. काही सांडल्यास न घासता कोरड्या सुती कापडाने टिपून घ्यावे. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात गालिचा प्लास्टिकमध्ये बांधून ठेवला, तर आत कोंडलेला ओलावा सुती ताणा कुजवतो. कसर लागते ती मात्र कपाटात ठेवलेल्यापेक्षा सोफ्याखाली, जिथे झाडू पोहोचत नाही तिथे. ती लोकर खाते आणि सुती ताणा सोडून देते, म्हणून कापल्यासारखी मोकळी जागा आणि तळाचे पांढरे धागे दिसले की सोफा हलवून गालिच्याची पाठही झाडून घ्यावी, आणि दर सहा महिन्यांनी गालिचा फिरवून टाकावा.