होमरच्या महाकाव्यातील भाषण कसे वाचावे

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या, ग्रीक-ट्रॉय युद्धावरील 'इलियड'चा जवळजवळ निम्मा भाग पात्रांच्या तोंडी आहे आणि त्याच्याच दुसऱ्या महाकाव्यात, 'ओडिसी'त, हे प्रमाण त्याहूनही अधिक आहे. त्यामुळे भाषण सुरू झाले की कथा थांबली असे समजून पुढची पाने उलटणारा वाचक मूळ काव्यालाच मुकतो. प्रत्येक भाषणापाशी कोण, कोणाला आणि कोणासमोर बोलत आहे हे आधी पाहावे. 'त्याला उत्तर देत चपळ पायांचा अकिलीस म्हणाला' अशा ठरीव ओळी मौखिक गायनपरंपरेतून आलेल्या असून त्यांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही.

खरे काम त्यानंतरचे, म्हणजे भाषणांची एकमेकांशी ताडून तपासणी करण्याचे. त्यासाठी 'इलियड'च्या नवव्या सर्गाइतका चांगला पाठ नाही. रुसून लढाईतून बाहेर पडलेल्या ग्रीक योद्धा अकिलीसला परत आणण्यासाठी ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन सात तिवया, दहा टॅलेंट (वजनाचे जुने माप) सोने, वीस कढया, बारा घोडे अशी देणग्यांची लांबलचक यादी सांगतो आणि शेवटी 'त्याने माझ्यापुढे नमावे, कारण मी त्याच्याहून मोठा राजा आहे' असे सुनावतो. दूत म्हणून गेलेला ओडिसियस ही यादी अकिलीसपुढे जवळजवळ शब्दशः म्हणतो, पण शेवटचे बोल मात्र सफाईने गाळतो. मनात एक ठेवून दुसरेच बोलणारा माणूस आपल्याला मृत्युलोकाच्या दारांइतका तिटकारा आणतो, असे अकिलीस उत्तराच्या आरंभीच म्हणतो. पुढे ॲगमेम्नॉनच्या मुलीशी विवाह नाकारताना, त्याने 'माझ्याहून मोठा राजा' असलेला जावई शोधावा, असा टोलाही हाणतो. न ऐकलेला शब्द त्याच्या तोंडी यावा, ही मला या सर्गातील सर्वांत देखणी जागा वाटते, आणि यादी कंटाळवाणी म्हणून वगळणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही.

याच सर्गात उत्तरे कशी बदलतात तेही टिपावे. अकिलीस ओडिसियसला उद्याच घरी निघतो म्हणतो, सोबत आलेल्या वृद्ध फिनिक्सला जायचे की राहायचे ते सकाळी ठरवू म्हणतो आणि तिसरा दूत एजॅक्स याला, ट्रॉयचा वीर हेक्टर जहाजांपर्यंत पोहोचेस्तोवर लढणार नाही एवढेच सांगतो. परतल्यावर ओडिसियस मात्र ॲगमेम्नॉनला पहिलेच उत्तर कळवतो. ऐकणारा बदलला की बोलणे बदलते आणि निरोप्या त्यातही निवड करतो.

स्वगत वाचताना ऐकणारा नसतो, म्हणून ते पुढच्या कृतीशी ताडावे. बाविसाव्या सर्गात ट्रॉयच्या तटाबाहेर एकटा उभा असलेला हेक्टर स्वतःच्या मनाशी बोलतो, जिच्यासाठी युद्ध पेटले ती हेलन आणि संपत्ती परत देऊन तह करावा का याचा विचार करतो, मग 'माझे मन हा वाद का घालते आहे?' असे स्वतःलाच विचारून लढण्याचा निश्चय करतो. काही ओळींतच अकिलीस जवळ येतो आणि हेक्टर थरथर कापत पळत सुटतो.