जुनं कापड जमवायचंय? आधी उलटी बाजू बघा

आजीचं लुगडं बोहारणीला देऊन त्यावर स्टीलचा डबा घेतला, असं सांगणारी घरं नाशकात अजून भेटतात. जरीचं असेल तर वजनावर नेणारे वेगळेच. ते कापड जाळून राखेतली चांदी काढून घेतात. ज्या पदरावर विणकराचे महिनोन्‌महिने गेले, तो घटकाभरात संपतो. जुनी वस्त्रं जमवणं हा श्रीमंतांचा छंद, असं समजून मागे राहू नका. सुरुवातीला पैसा लागतच नाही.

पहिली पायरी घरातली. पंचवटीतले, जुन्या नाशकातले वाडे पाडून इमारती उभ्या राहताहेत आणि सामान आवरताना सर्वात आधी फेकल्या जातात त्या कापडाच्या पेट्या. नात्यात, शेजारी सांगून ठेवा. पैठणी मिळेलच असं नाही. बाळाची कुंची, खणाची चोळी, लग्नातलं उपरणं, हे सगळं घ्या. गोधडी तर सोडूच नका. तिच्या थरांत घरातल्या दोन-तीन पिढ्यांची लुगडी असतात. माझ्याकडच्या एका गोधडीची कड उसवली होती. आत बोटभर रुंदीचा, रेशमी काठाचा तुकडा निघाला; त्याचा जांभळा रंग उजेड न लागल्यामुळे कालच रंगवल्यासारखा होता. तो मी काढला नाही. तिथेच दोन सैल टाके घालून ठेवला.

वस्तू हातात आली की त्याच दिवशी माहिती लिहा: कुणाची, कुठल्या गावची, कुठल्या लग्नातली, कुणी सांगितलं. सुती नाडीच्या तुकड्यावर पेन्सिलने क्रमांक घालून तो कडेला सैल टाक्याने जोडा आणि बाकीचं वहीत. शाईचं पेन आणि सेफ्टी पिन कापडाजवळ नको. नाव-गाव हरवलेली पैठणी फक्त सुंदर राहते, तिच्याबद्दल पुढे कुणालाच काही सांगता येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे एक धागा धरणं. जगभरातलं सगळं जमवायला गेलात तर ढीग होईल. मला आवडणारा धागा इकतचा आहे. विणण्याआधीच सूत बांधून रंगवायचं ही युक्ती गुजरातमधल्या पाटणच्या पटोळ्यात, म्हणजे तिथल्या रेशमी साडीत आहे, इंडोनेशियात आहे, उझबेकिस्तानात आहे, जपानमध्येही आहे. ‘इकत’ हा शब्दच मलय भाषेतल्या ‘बांधणे’ या अर्थाच्या शब्दावरून आला. पटोळी तर जहाजांनी इंडोनेशियात जात आणि तिथे घराण्याची ठेव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपली जात. दुसरा धागा देवळालीच्या बाजूने सापडतो. तिथल्या पारशी घरांमुळे गारा साडीची ओळख होते. १९व्या शतकात चीनशी व्यापार करणाऱ्या पारशांनी तिथून भरतकाम केलेलं रेशीम आणलं, त्यातून ती घडली. परदेशी वस्त्रांत नवख्याला जपानी किमोनो सोपा जातो. साधारण ३६ ते ३८ सेंटीमीटर रुंदीच्या सरळ पट्ट्या जोडून तो शिवतात, त्यामुळे विणकाम कापलं न जाता अखंड दिसतं.

आता खरी परीक्षा. कापड आधी उलटं करा. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीचा काठ-पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच फिरून शेजारच्यात अडकवलेला असतो. मागे मोकळे लोंबणारे किंवा कातरलेले धागे दिसले तर काम जॅकार्डचं, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्राचं. जर ओळखायची तर सुटलेली तार हलकेच उलगडा. चांदीच्या जरीत आत रेशमाचा धागा असतो. तांबूस धातू दिसला तर नकली, आणि चकचकीत प्लास्टिकची पट्टी निघाली तर अगदी अलीकडची.

काळ ठरवायलाही खुणा आहेत. पहिला कृत्रिम रंग, तोही जांभळा, १८५६ साली निघाला. नायलॉन १९३०च्या दशकातलं. ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून दाखवलेल्या अंगरख्याला मशीनची शिवण असेल तर नमस्कार करून निघा. फक्त एवढं बघा की शिवण मूळची आहे की नंतरची दुरुस्ती. युरोपातल्या १९व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या रेशमी झग्यांबाबत आणखी एक सावधगिरी: वजन वाढावं म्हणून त्या रेशमात कथिलाचे क्षार घालत. असं रेशीम घडीवर उभं चिरत जातं आणि ते थांबवता येत नाही.

कायदाही माहीत हवा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शहातूशची शाल कितीही जुनी सांगितली तरी घेऊ नका. ते चिरू या संरक्षित प्राण्याचे केस आहेत.

सांभाळणं हे सर्वात मोठं काम. एका लॉन्ड्रीत मी जरीचा शेला इस्त्रीला दिला होता. परत आला तेव्हा घडीवरची जर चपटी होऊन तुटलेली होती. तेव्हापासून जुन्या वस्त्राला इस्त्री नाही, ड्रायक्लीनिंग नाही, अत्तर नाही. मांजरपाट आणा, दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढा आणि त्यात वस्त्र गुंडाळा. शक्यतो नळकांड्यावर, मध्ये मांजरपाटाचाच थर घालून. घडीच करायची तर वळणात मऊ कापडाची वळकटी ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, रबर बँड नको; रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. काळी पडलेली जर लिंबाने किंवा पावडरने घासू नका, आहे तशी राहू द्या. डांबरगोळ्यांऐवजी वेखंड, लवंग, कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कडेला ठेवा, पण भिस्त त्यावर नको. कसर लागली आहे का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

त्यासाठी वर्षातून दोनदा सगळं बाहेर काढा: एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दसरा-दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाली की. ऊन दाखवायची आपली जुनी सवय इथे मोडायची. सावलीत, पंख्यापासून लांब, स्वच्छ चादरीवर पसरायचं. हात धुऊन, बांगड्या-अंगठ्या काढून. घडी नव्या रेषेवर घालायची. त्या दिवशी घरातल्या आत्या-मावश्यांना चहाला बोलवा आणि वही उघडी ठेवा.