माडीची जमीन पुन्हा पॉलिश करण्यापूर्वी

वडोदऱ्यातल्या रावपुरा, दांडिया बाजार किंवा बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत माडीची जमीन अनेकदा सागवानी फळ्यांची असते आणि तिच्याभोवती खांब, तुळया, चौकटी, जिन्याचा कठडा असे त्याच काळातले लाकूड उभे असते. ही जमीन घासून नव्याने पॉलिश करायची आणि ती भोवतालच्या लाकडाशी जुळली पाहिजे असे एकदा ठरले, की घरातली मंडळी मशीन, मजुरी आणि पॉलिशचा डबा यांच्याच चौकशीला लागतात. त्याआधीचे एक काम यादीच्या अगदी वर लिहावे: ज्या खांबांशी रंग जुळवायचा आहे, ते खांब प्रथम स्वच्छ करावेत. मागच्या खेपेला आमच्याकडून नेमके हेच राहिले. खांबांचा काळपट रंग हाच लाकडाचा रंग समजून जमीन तितकीच गडद करून घेतली आणि दिवाळीच्या साफसफाईत खांब नीट पुसले गेले तेव्हा त्यांखालून मधाळ सोनेरी साग निघाला. रंगावर पॉलियुरेथेनचे, म्हणजे कडक वार्निशाचे, हात बसलेले असल्यामुळे जमीन खरवडून पहिल्यापासून सुरुवात करण्याखेरीज दुसरा इलाज नव्हता.

खांबावर जे दिसते त्यात लाकूड किती आणि उदबत्ती, निरांजन, फोडणीचा धूर व येता-जाता टेकलेल्या हातांचा मळ किती, हे नुसत्या नजरेने कळत नाही. कठड्याचा वरचा भाग आणि खांबाचा छातीच्या उंचीचा भाग सर्वांत फसवा असतो, आणि पॉलिशवाला रंग पाहायला येतो तेव्हा हात ठेवतो तो नेमका तिथेच. म्हणून त्याला बोलावण्यापूर्वी खांब पुसावेत, बोलावल्यानंतर नव्हे.

पुसायचे कशाने, हे आधीच्या पॉलिशवर अवलंबून आहे. चौकटीच्या मागच्या अंगाला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब लावून थोडे थांबावे. पृष्ठभाग मऊ, चिकट झाला तर तो चपडा, म्हणजे लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही, पण थिनरने विरघळले, तर लॅकर समजावे. दोन्हींनी ढिम्म हलले नाही तर बहुधा मुरून कडक झालेले तेल किंवा अलीकडचे पॉलियुरेथेन असते. जुन्या घरांत चपडा निघण्याचा संभव अधिक असतो, आणि चपडा असेल तर मळ काढण्यासाठी स्पिरिट मुळीच वापरू नये, कारण मळाबरोबर पॉलिशही निघून येते. धुण्याच्या सोड्याचे पाणीही नको, कारण चपडा क्षारात विरघळतो. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने मेण आणि तेलकट थर निघतो व चपड्याला धक्का लागत नाही. त्यानंतर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके फिरवावे आणि लगेच कोरड्याने टिपावे. सगळे खांब त्याच दिवशी झाले नाहीत तरी चालेल, पण जिन्याजवळचा, खिडकीजवळचा आणि देवघराजवळचा असे निदान तीन खांब खालपासून वरपर्यंत स्वच्छ झाल्याखेरीज रंगाची गोष्टच काढू नये. लाकडावर चित्रकाम असेल तर यापैकी कशालाही हात लावू नये. तांबेकर वाड्यासारख्या वास्तूतले चित्रित लाकूड हे संवर्धन शिकलेल्या माणसाचे काम आहे, आपले किंवा मिस्त्रीचे नव्हे.

हंगाम हिवाळ्याचा धरावा. पावसाळ्यात चपडा आणि लॅकर दोन्हींवर पांढुरकी झाक येते, आणि फळ्या फुगलेल्या असल्यामुळे फटींचा अंदाज चुकतो. उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, आठवडा मात्र सोडून द्यावा. त्या दिवसांत गच्चीवर जाणारा सगळा गोतावळा माडीवरूनच जातो आणि ओल्या पॉलिशवर मांजाचे तुकडे चिकटतात.

तुळयांची भिंतीत गेलेली टोके पेचकसाने टोचून पाहावीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी ज्या घरांच्या तळमजल्यात शिरले, त्यांनी तर हे अवश्य करावे, कारण भिंतीतली ओल आणि तिच्या मागोमाग येणारी वाळवी वरून दिसत नाही. टोक भुसभुशीत लागले तर पॉलिशचा विचार सोडून आधी सुताराला बोलवावे.

बदलायच्या फळ्यांसाठी नवा साग घेऊ नये. पाडलेल्या घरांचे लाकूड विकणाऱ्या वखारीत जुना वलसाडी साग मिळतो; जाडी मोजून न्यावी आणि खिळ्यांची भोके पाहून घ्यावी. नवा साग ताजा रंधलेला असताना पट्टेदार, हिरवट-तपकिरी दिसतो आणि उजेडात हळूहळू एकसारखा सोनेरी होतो, तेव्हा आज जुळवलेला रंग काही आठवड्यांनी जुळलेला राहत नाही. जुनी फळीही घासल्यावर काही दिवस उजेडात पडू द्यावी हे उत्तम.

घासण्यापूर्वी प्रत्येक खिळ्याचे डोके पंचाने फळीच्या पातळीखाली ठोकावे, नाहीतर पॉलिश पेपर फाटतो आणि मशीनचा रोल खराब होतो. लोखंडाभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातात. ते विषारी आहे, हातमोजे घालावेत आणि नंतर जागा साध्या पाण्याने नीट पुसून पूर्ण वाळू द्यावी. आता वाड्यांपुरती खास गोष्ट: माडीची जमीन हीच खालच्या खोलीची तक्तपोशी असते, आणि फळ्यांच्या फटींतून भुसा पिठासारखा खाली गळतो. खालचे स्वयंपाकघर रिकामे करावे किंवा चादरींनी पूर्ण झाकावे. पुढे थिनर आणि स्पिरिटचे काम निघाले की त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याच फटींतून खाली उतरते. म्हणून त्या दिवशी खाली गॅस पेटवायचा नाही आणि देवापुढची समईसुद्धा लावायची नाही. यावर घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद होणार असेल तर तो आदल्या दिवशीच घालून घ्यावा. सागाच्या भुश्याने अनेकांना त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जी होते, तेव्हा चांगला मास्क हवाच. सगळ्या फटी बुजवण्याचा हट्ट धरू नये. पावसाळ्यात फळ्यांना फुगायला तेवढीच जागा असते.

घासण्याचा क्रम ८०, मग १२०, मग १५० नंबर, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. कारागीर घाईत शेवटचा नंबर गाळतात. खरखरीत लाकूड रंग जास्त पिते आणि गुळगुळीत कमी, त्यामुळे अर्धी खोली १२० वर आणि अर्धी १५० वर थांबली तर एकाच डब्यातून दोन रंग निघतात.

आता नमुना. खांब पुसलेत का? नसतील तर इथेच थांबावे. नमुना कपाटाखाली झाकल्या जाणाऱ्या त्याच जमिनीच्या फळीवर किंवा तिच्या तुकड्यावर करावा, जमिनीइतक्याच नंबरापर्यंत घासावा आणि त्यावर रंगच नव्हे तर वरचे सगळे हात देऊन तो वाळू द्यावा, कारण वरच्या हातांनी रंग गडद होतो. हातात उभा धरून पाहू नये. खांबाच्या पायथ्याशी जमिनीवर आडवा ठेवावा, कारण आडव्या लाकडावर उजेड वेगळा पडतो आणि तेच लाकूड फिके दिसते. सकाळी पाहावा, दुपारी खिडक्या लावून पाहावा, रात्री दिव्यात पाहावा. आणि शेजारचा खांब पुसलेला असावा. स्वच्छ खांबाशी जुळणारा नमुना मळक्या खांबाशेजारी फिका वाटतो, आणि मग पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणते की थोडा वॉलनट, म्हणजे गडद तपकिरी रंग, घाला. घालू नये. पाहुण्यांना आधी पुसलेला खांब दाखवावा.

रंगासाठी जुने पॉलिशवाले पिवडी आणि गेरू चपड्यात मिसळतात, आणि खांबांच्या जुन्या रंगाच्या जवळ जाण्यासाठी ही रीत डब्यातल्या तयार शेडपेक्षा सरस ठरते असे माझे मत आहे. मात्र रेषा भरण्यासाठी ते वापरतात ती खडूची भुकटी रंगवल्याशिवाय वापरू देऊ नये. ती काही काळाने रेषांत पांढरी दिसू लागते. खांबांवर चपडा असला तरी जमिनीवर शेवटचा हात चपड्याचा नको. सांडलेल्या चहाने त्यावर पांढरे वर्तुळ उमटते. जमिनीला पॉलियुरेथेन द्यावे, आणि तेही थिनरमध्ये मिसळणारे, कारण त्याची पिवळसर छटा जुन्या चपड्याशी मिळते; पाण्यात मिसळणारे फारच स्वच्छ, थंड दिसते. साध्या चपड्यात मेण असते आणि मेणावर पॉलियुरेथेन धरत नाही, म्हणून खाली चपडा द्यायचाच असेल तर मेण काढलेला आणावा, आणि पिवडी-गेरूही त्यातच कालवावे. सागात स्वतःचे तेल असते. रंगापूर्वी थिनरच्या फडक्याने जमीन पुसावी, नाहीतर वरचा थर पुढे पोपडे धरून सुटतो. चकाकीही जुळवावी, पुसलेले जुने खांब मंद चमकतात, त्यांच्याशेजारी आरशासारखी जमीन वाईट दिसते. मंद चमकीचा डबा तळापासून सावकाश ढवळावा, हलवू नये.

पुढचे थोडक्यात. तीन पातळ हात, दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पेपर हलकासा आणि प्रत्येक वेळी धूळ पूर्ण पुसून. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पण पंखा बंद. सुरुवात जिन्याच्या विरुद्ध कोपऱ्यातून करावी. कुठे जवसाचे तेल वापरले असेल तर त्याची फडकी गोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेटतात. पाण्याच्या डब्यात बुडवावीत किंवा अंगणात पसरून वाळवावीत. अनवाणी चालणे दुसऱ्या दिवशी, कपाटे आठवड्याने आणि पायांना फेल्ट लावूनच. सतरंजी मात्र तीन आठवडे अंथरू नये, कारण तिच्याखाली थर नीट वाळत नाही आणि तेवढाच चौकोन वेगळा उमटतो.