शाळेचं नवं नाटक बसवताना आधी कोयत्याचं विचारा

जानेवारीच्या स्नेहसंमेलनात लेकरांनी स्वतः रचलेलं नाटक करायचं असेल, तर जुलैतच कामाला लागा. तारीख, जागा, परवानगी हे तुम्हाला सांगायला नको.

पात्रं वाटण्याआधी प्रत्येकाच्या घरी जाऊन एवढंच विचारा: यंदा कोयता जाणार आहे का, म्हणजे आईबाप ऊसतोडीला निघणार आहेत का? आपल्या बीड, धारूर, वडवणीकडं मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे तोडीच्या मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड साखर कारखान्याकडं निघतं ते गुढीपाडव्याच्या आसपास परततं, आणि लेकरूही सोबत जातं. मागच्या खेपेला मुख्य भूमिकेतली मुलगी दिवाळीनंतर अशीच उसाच्या फडावर गेली आणि तिची वाक्यं दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. लेकरांना विचारून भागत नाही. त्यांना ठाऊक नसतं, किंवा भूमिका जाईल या भीतीनं ती नाही म्हणतात. आईला विचारा. आणि जाणार आहे म्हणून भूमिका नाकारायची, हे मात्र कृपा करून करू नका. घरी आजी-आजोबा राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाच्या सोयीनं लेकरू गावातच राहू शकतं. त्याचं बोलणं मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी हंगाम सुरू व्हायच्या आधी करा, नंतर धावपळ करून उपयोग नाही.

म्हणून प्रत्येक भूमिकेला दोन लेकरं. छोट्या भूमिकेलासुद्धा दोन. तालमीत दोघांना आळीपाळीनं उभं करा. दुसऱ्याला नुसतं बसवून ठेवलं तर तो आठवड्याभरात यायचा बंद होतो.

संहिता टेबलाशी बसून लिहू नका. प्रसंग द्या: गावात टँकर आलाय, घागरींची रांग लागलीय, पाणी पुरणार नाही. लेकरांना बोलू द्या, एकानं वहीत उतरवून घ्यावं. त्यातून अर्ध्या तासाचं नाटक निघतं, फक्त काटछाट तुम्ही करा. ‘काय करायलास’ याचं ‘काय करतो आहेस’ करायला कुणीतरी मोठं माणूस येईलच. त्यांना चहा पाजा आणि वाक्य आहे तसंच ठेवा. पुस्तकी भाषा तोंडात आली की लेकराचे हातपाय आखडतात, हे तालमीत डोळ्यांनी दिसतं. राज्य बालनाट्य स्पर्धेतही उतरायचं असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तो अर्ज लवकर करा.

सहामाही परीक्षेच्या आधी पुन्हा घरोघर जा. होय, पुन्हा. जुलैतलं उत्तर ऑक्टोबरात टिकत नाही. सोयाबीन हातचं गेलं की कधी न गेलेलं घरही उचल घेतं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी हजेरी बघा आणि दुसरा संच कुठं कुठं लागणार ते त्याच दिवशी ठरवा.

नेपथ्य कमीत कमी. घागरी, खाट, एक पत्रा पुरतो. शेवटच्या तालमी वर्गात नकोत, मैदानात घ्या, कारण वर्गात खणखणीत वाटणारा आवाज बाहेर विरून जातो. मंडपवाल्याला माईक कुठं टांगायचे ते आधी दाखवा. रंगभूषा हलकी. दोन्ही संचांची एकेक रंगीत तालीम. फडावर गेलेल्या लेकरांची नावंही निवेदकाच्या कागदावर लिहा, नाटक त्यांनीही रचलंय. वीज जाईल असं धरूनच चाला, जनरेटरचं डिझेल दुपारीच भरून ठेवा.