लिनक्सवर गेम आणि कोडिंग एकाच मशीनवर? मग या चुका टाळा

गेम सुरू होईना म्हणून कुठूनतरी चार कमांड उचलल्या, टर्मिनलमध्ये चिकटवल्या, गेम चालला, आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टच बिल्ड होईना. किंवा उलटं, पायथॉनचं काहीतरी जमवायला गेलो आणि डेस्कटॉपचंच एखादं टूल उघडेनासं झालं. एकाच मशीनवर खेळणाऱ्या आणि कोड लिहिणाऱ्या बहुतेकांनी हे एकदा तरी भोगलंय, मी तीन-चारदा भोगलंय, आणि दरवेळी कारण जवळपास तेच निघालं: जी फाइल माझ्या मालकीची नाही तिच्यात मी हात घातला होता.

मालकी म्हणजे काय, तर ढोबळमानाने मशीनमध्ये तीन घरं असतात. '/यूएसआर' खालचं ('/यूएसआर/लोकल' सोडून) सगळं पॅकेज मॅनेजरचं, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामचं, मग तो एपीटी असो, डीएनएफ असो की पॅकमॅन. स्टीमच्या (गेम घ्यायचं आणि चालवायचं ॲप) फोल्डरातलं सगळं स्टीमचं. आणि होम फोल्डरातलं उरलेलं तुमचं. खालच्या बऱ्याच चुका म्हणजे एका घरचं सामान दुसऱ्या घरात नेऊन टाकणं. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थात रोमन.)

ड्रायव्हर साइटवरून उतरवून घेणं

विंडोजची सवय असते की कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवर जायचं, ड्रायव्हर डाउनलोड करायचा, नेक्स्ट-नेक्स्ट करायचं. एनव्हिडियाची '.रन' फाइल अशीच मिळते आणि चालतेसुद्धा, म्हणून तर माणूस फसतो. ती फाइल सिस्टिमच्या फोल्डरांत सामान टाकते पण पॅकेज मॅनेजरला त्यातलं काही ठाऊक नसतं, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट होतो, नव्या कर्नलसाठी मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) तयारच झालेलं नसतं आणि रीबूट केल्यावर काळा स्क्रीन. त्यापेक्षा डिस्ट्रोचं, म्हणजे तुम्ही टाकलेल्या लिनक्सचंच, पॅकेज घ्या. उबंटूत 'उबंटू-ड्रायव्हर्स' आहे, फेडोरात आरपीएम फ्यूजनचं 'एकेमॉड' वालं पॅकेज आहे, आर्चमध्ये डीकेएमएस असलेलं मिळतं. कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बनतं.

एवढं करूनही ड्रायव्हर लोड होत नसेल तर सिक्युअर बूट बघा. तो चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही, म्हणून इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला एक निळा स्क्रीन येतो, तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो निळा स्क्रीन बघून घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबणारे खूप आहेत, मीपण त्यातलाच.

एएमडी आणि इंटेलवाल्यांना यातलं काही करायचं नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसामध्ये (ग्राफिक्सची मुक्त लायब्ररी) आधीच असतो, उगाच साइटवरून वेगळं काही आणू नका.

खरंच ग्राफिक्स कार्ड वापरलं जातंय का हे बघायला 'व्हल्कनइन्फो --समरी' चालवा. तिथे तुमच्या कार्डाचं नाव नसून फक्त 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर सगळं चित्र सीपीयू रंगवतोय, मग गेम चार एफपीएसवर चालणारच. दोन कार्डं असलेल्या लॅपटॉपवर गेम कधीकधी कमजोर कार्डावर जातो, तिथे मेसावाल्यांनी स्टीममधल्या गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये 'डीआरआय_प्राइम=१ %कमांड%' आणि एनव्हिडियावाल्यांनी 'प्राइम-रन %कमांड%' टाकून बघा. आणि ३२ बिटच्या ग्राफिक्स लायब्ररी विसरू नका, सिस्टिम ६४ बिट असली तरी जुने गेम ३२ बिटचे असतात. आर्चवर मल्टिलिब चालू करून 'लिब३२' वाली पॅकेजेस घ्यावी लागतात, डेबियनवर 'आय३८६' आर्किटेक्चर जोडावं लागतं.

काय उडणार आहे ते न वाचता 'वाय' दाबणं

२०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम टाकायला घेतलं. पॅकेजच्या डिपेंडन्सीत (त्याला लागणाऱ्या बाकी पॅकेजेसच्या यादीत) गडबड होती आणि एपीटीने स्पष्ट सांगितलं की स्टीम टाकायचं तर ही अत्यावश्यक पॅकेजेस काढावी लागतील, खात्री असेल तर 'येस, डू ॲज आय से' असं पूर्ण वाक्य टाइप करा. त्याने केलं. डेस्कटॉपच गेला. लोक त्याला हसले पण मला विचाराल तर चूक निम्मी पॅकेजचीच होती, गेमसाठी आलेला माणूस असलं वाचत बसत नाही. तरी एपीटीच्या आउटपुटमध्ये 'रिमूव्ह्ड' असं लिहिलेली यादी दिसली की थांबा, ती वाचा, त्यात डेस्कटॉपचं किंवा एक्सॉर्गचं (स्क्रीनवर चित्र दाखवणारा प्रोग्राम) नाव असेल तर 'एन' दाबून बाहेर या.

आर्चवाल्यांचं याचंच भावंड म्हणजे नुसतं 'पॅकमॅन -एसवाय' करून एखादं पॅकेज टाकणं. यादी नवी, बाकी सिस्टिम जुनी, लायब्ररी जुळत नाहीत. अपडेट करायचं तर पूर्ण करा, 'एसवाययू'.

विंडोजच्याच ड्राइव्हवर स्टीम लायब्ररी ठेवणं

ड्युअल बूटवाल्यांची ही सगळ्यात लाडकी चूक. विचार बरोबर वाटतो, गेम एकदाच डाउनलोड केले, दोन्हीकडे वापरले, जागा वाचली. पण प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं टूल, वाइनवर उभं असलेलं) प्रत्येक गेमसाठी 'कॉम्पॅटडेटा' मध्ये वाइनचा एक वेगळा प्रीफिक्स, म्हणजे नकली विंडोजचं फोल्डर, बनवतो, आणि त्यात 'सी:' अशा नावाच्या लिंक असतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावात कोलन चालत नाही. लिनक्सने एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या पद्धतीच्या ड्राइव्हवर, ती बनवून ठेवली की पुढे विंडोजची डिस्क तपासणी त्याला बिघाड समजते आणि दुरुस्त करायला जाते. मग गेम 'प्ले' दाबल्यावर दोन सेकंद 'रनिंग' दाखवतो आणि गुपचूप बंद होतो, एरर नाही काही नाही.

दुसरी भानगड फास्ट स्टार्टअपची. विंडोज शटडाउन केलंय असं वाटतं पण ते अर्धवट झोपलेलं असतं, त्यामुळे लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता माउंट करतो नाहीतर माउंटच करत नाही, आणि स्टीम म्हणतं डिस्कवर लिहिता येत नाही. इथे परवानग्या बदलत बसू नका, ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) तर अजिबात नको, विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा.

सरळ उपाय म्हणजे गेमसाठी ईएक्सटी४ चं (लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टिम) वेगळं पार्टिशन. अगदीच शक्य नसेल तर निदान कॉम्पॅटडेटा फोल्डर होममध्ये हलवून तिथून सिमलिंक (मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) द्या.

आणि कोडसुद्धा त्या ड्राइव्हवर ठेवू नका हो. एनटीएफएस साधेपणी माउंट केलं की सगळ्याच फाइली एक्झिक्युटेबल दिसतात, त्यामुळे एक ओळ न बदलता 'गिट स्टेटस' अख्खा प्रोजेक्ट मॉडिफाइड दाखवतो. 'कोअर.फाइलमोड' फॉल्स करून ते लपतं, पण लपतंच.

सुडो पिप इन्स्टॉल

डिस्ट्रोची कितीतरी टूल्स सिस्टिमच्याच पायथॉनवर चालतात. सुडो (ॲडमिनचे हक्क) लावून पिपने (पायथॉनच्या लायब्ररी टाकणारं टूल) एखाद्या लायब्ररीची वेगळी आवृत्ती टाकली की ती टूल्स ती नवी आवृत्ती उचलतात आणि कोसळतात. म्हणूनच डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, पिप तिथे 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार देतो. तो नकार हटवायचा एक पर्याय आहे, त्याचं नाव 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस'. नावातच सांगितलंय, आणि तरी लोक तो डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं टूल) बाहेर बिनधास्त वापरतात.

प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं 'वेनव्ह' (पायथॉनचा स्वतंत्र कप्पा), आणि नुसती कमांड म्हणून वापरायचं टूल असेल तर 'पिपएक्स'. नोडसाठी 'एनव्हीएम'. हे सगळं होममध्ये राहतं, सुडो लागतच नाही. आधीच घोळ झाला असेल तर डेबियन-उबंटूवर '/यूएसआर/लोकल/लिब' मध्ये पायथॉनचं फोल्डर बघा, सुडोने टाकलेलं बहुतेक तिथेच सापडतं, तिथून काढलं की सिस्टिमची मूळ आवृत्ती परत वापरात येते.

याच जातीतली अजून एक, 'बॅशआरसी' (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) मध्ये 'एलडी_लायब्ररी_पाथ', म्हणजे लायब्ररी कुठे शोधायच्या तो पत्ता, कायमचा सेट करून ठेवणं. एका प्रोजेक्टसाठी केलं, विसरलो, आणि मग टर्मिनलमधून सुरू केलेलं स्टीम चुकीची लायब्ररी उचलतं.

लॉग न बघता प्रोटॉन बदलत बसणं

स्टीमवाल्या वाल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणला तेव्हापासून विंडोजचे बरेच गेम नुसतं 'प्ले' दाबून चालतात, त्यामुळे न चालल्यावर आपलाही एकच उपाय ठरलेला: दुसरी आवृत्ती निवडा, मग तिसरी, मग प्रयोगाची. मी एका गेमसाठी दोन संध्याकाळी हेच केलं. गेम मस्त सुरू व्हायचा आणि एका ठराविक मोठ्या नकाशात गेलं की बंद. प्रोटॉनचा काही दोष नव्हता, 'व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट' कमी पडत होता. कर्नलची मूळ मर्यादा ६५५३० आहे आणि काही मोठे गेम मेमरीचे त्याहून जास्त तुकडे मागतात. फेडोरा ३९ आणि उबंटू २४.०४ पासून ती १०४८५७६ केलेली आहे, जुन्या डिस्ट्रोवर '/ईटीसी/सिसकंट्रोल.डी' मध्ये छोटी फाइल टाकून आपणच वाढवायची.

तेव्हा आधी लाँच ऑप्शनमध्ये 'प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%' टाका, होममध्ये 'स्टीम-' ने सुरू होणारी लॉग फाइल बनते, तिच्या शेवटच्या पन्नासेक ओळी वाचा. मशीनच गोठून रीबूट करावं लागलं असेल तर 'जर्नलसीटीएल -बी -१ -के', म्हणजे मागच्या बूटचे कर्नलचे मेसेज. पंधरा मिनिटं जातात पण आठवडा वाचतो.

'जागा नाही' म्हटलं की डिस्क रिकामी करत सुटणं

हे माझं स्वतःचं. एडिटरने एरर दिला 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. मी इमानदारीत डॉकरच्या इमेज उडवल्या, दोन मोठे गेम अनइन्स्टॉल केले, एरर तसाच. मग 'डीएफ -एच' केलं तर निम्मी डिस्क आधीपासूनच रिकामी! फाइलींवर लक्ष ठेवणाऱ्या आयनोटिफायची मर्यादा संपली की कर्नल हाच एरर कोड देतो. नोड मॉड्यूल्स असलेले दोन-तीन प्रोजेक्ट एकदम उघडले की जुन्या कर्नलवर ८१९२ ची मर्यादा चुटकीसरशी संपते. ५.११ पासून कर्नल रॅम बघून ती ठरवतो, तरी कमी पडली तर 'एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूझर_वॉचेस' ५२४२८८ करा. क्रम लक्षात ठेवा: आधी 'डीएफ -एच', मग 'डीएफ -आय' (फाइलींच्या संख्येची मर्यादा), मग आयनोटिफाय. गेम शेवटी उडवा.

फ्लॅटपॅक वापरायचं पण त्याची भिंत विसरायची

फ्लॅटपॅक म्हणजे ॲप बाकी सिस्टिमपासून वेगळं, सँडबॉक्समध्ये (बंद डब्यात) चालवणारं पॅकेज. त्यातलं स्टीम चांगलं चालतं, पण त्याला तुमचा दुसरा ड्राइव्ह मुळात दिसत नाही. फ्लॅटसीलमध्ये (फ्लॅटपॅकच्या परवानग्या बदलायचं ॲप) जाऊन त्या फोल्डरची परवानगी द्या, झालं. एडिटर फ्लॅटपॅकमधून घेतला तर त्याच्या आतलं टर्मिनल सँडबॉक्समधलं असतं, तिथे तुमचं जीसीसी, डॉकर काहीच सापडत नाही. माझं मत, गेम फ्लॅटपॅकमध्ये चालतील, एडिटर मात्र डिस्ट्रोचा किंवा बनवणाऱ्याच्या अधिकृत रेपोतलाच घ्या.

अँटी-चीटशी भांडणं

थोडक्यात. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय (ऑनलाइन गेममधली चीटिंग पकडणारे प्रोग्राम) २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्याने परवानगी दिली तरच. व्हॅलोरंट चालत नाही, फोर्टनाइट चालत नाही, एपेक्स लेजंड्स चालायचा पण २०२४ मध्ये लिनक्ससाठी बंद केला. तुमच्या सेटिंगने यात काही फरक पडत नाही, आणि आडमार्ग शोधाल तर अकाउंट बॅन होईल.

स्वतः गेम बनवताना

विंडोजवर 'प्लेयर.पीएनजी' चं पहिलं अक्षर मोठं की छोटं याने फरक पडत नाही, लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली. सगळी असेट्सची नावं छोट्या अक्षरांत ठेवा, वाद मिटला. विंडोजवर सेव्ह केलेली स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत असेल आणि पुढे '^एम' दिसत असेल तर ओळीच्या शेवटी सीआरएलएफ आहे, 'डॉसटूयुनिक्स' चालवा.

आणि ग्लिबसी, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी सी ची मूळ लायब्ररी. उबंटू २४.०४ वर बिल्ड केलं, मित्राच्या २२.०४ वर 'ग्लिबसी_२.३८ नॉट फाउंड'. त्याच्याकडे २.३५ आहे, तुमच्याकडे २.३९. जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, उलटं चालेलच असं नाही, आणि त्याच्या मशीनवर ग्लिबसी हाताने अपग्रेड करायला गेलात तर त्याची सिस्टिमच बसेल. स्टीमच्या स्नायपर रनटाइमच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा, तो डेबियन ११ वर, म्हणजे जुन्या ग्लिबसीवर, आधारलेला आहे.

बिल्ड करताना 'मेक -जे' च्या पुढे आकडा (एका वेळी किती जॉब चालवायचे तो) न देणं हीपण एक गंमतच. आकडा नसला तर मर्यादाच नाही, मोठ्या सी प्लस प्लस प्रोजेक्टला एकेक जॉब सहज जीबी-दीड जीबी खातो, सोळा जीबी रॅम बघता बघता भरते आणि माउससुद्धा हलत नाही. मागे गेम मिनिमाइज केलेला असेल तर कर्नल मेमरी मोकळी करायला बरेचदा त्यालाच मारतो आणि तुम्ही गेम क्रॅश झाला म्हणून प्रोटॉनची आवृत्ती बदलायला जाता. 'जर्नलसीटीएल -के' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा, सापडलं तर जॉब निम्मे करा आणि झेडरॅम (रॅममधलंच सामान दाबून जागा करणं) चालू करा.